सांध्यांवर खापर

डॉक्टरांच्या घरामागच्या पोहायच्या टँकमधल्या टाइल्स सुटल्या आणि दोष सांध्यांना लागला. सांधे वहिनीने भरले होते.

वहिनी म्हणजे कुणा एकाची वहिनी नव्हे. टाइलच्या कामात जेवढे म्हणून गवंडी, प्लंबर, मिस्त्री होते ते सगळे तिला वहिनीच म्हणत. नवरा टाइल बसवणारा मिस्त्री. तो टाइल बसवायचा, ती सांधे भरायची. असं सत्तावीस वर्षं चाललं होतं. काम सांगायला येणारा मिस्त्रीशी बोलायचा. झालेलं काम बघायला येणारा मिस्त्रीची पाठ थोपटायचा. त्या वेळी वहिनी बहुधा गुडघ्यांवर असायची, हातात स्पंज, आणि वर मान करायलाही तिला सवड नसायची.

सांधा म्हणजे दोन टाइलांमधली फट. त्यात काय एवढं, खिडकीच्या काचेला लांबी फासल्यासारखा माल फासायचा, असं पाहणाऱ्याला वाटतं. वहिनी आधी प्रत्येक फट जुन्या टूथब्रशने झाडून काढायची. मग रबरी थापीने माल दाबायची, एकदा उजवीकडून तिरका, एकदा डावीकडून, तळाशी हवा राहू नये म्हणून. वरून पाण्याच्या नळीचा बोटभर तुकडा ओढायची, की सांधा किंचित खोलगट होई. दुसऱ्या दिवशी दर हातभर अंतरावर अंगठ्याचं नख रुतवून बघायची. नख उमटलं तर तेवढा भाग उकरून पुन्हा भरायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी करायलाही सांगितलं नव्हतं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम अर्धंच असायचं.

डॉक्टर दातांचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी टँक बांधला तो थोरल्या बहिणीसाठी. ताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि चालताना दुखणारा खुबा पाण्यात दुखत नसे. रोज सकाळी अर्धा तास त्या पाण्यात असत. एके दिवशी त्या पायरीवरून खाली उतरल्या आणि टाच कापली गेली. खोल बाजूच्या भिंतीतून एक टाइल ओठासारखी पुढे आली होती. डॉक्टरांनी मिस्त्रीला फोन केला.

दोघं गेले. भिंतीला पोट सुटल्यासारखा फुगवटा आला होता. फुगवट्याच्या कडेकडेने सांध्यांना तडे दिसत होते. मिस्त्री काठावर उकिडवा बसला. पाण्यात हात घालून एका तड्यावरून बोट फिरवलं. मग उठला आणि हात पँटला पुसत म्हणाला, "सांधे गेलेत डॉक्टरसाहेब. सांध्यांतून पाणी आत शिरलं. मग टाइल तरी काय करणार?"

वहिनी दोन हात अंतरावर उभी होती. खांद्याला हत्यारांची पिशवी. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजूतदारपणे म्हणाले की असू दे, माणूस आहे, चूक होते. या वेळी सगळं काढून नव्याने करू, टाइल्स मी आणतो, मजुरीचा भार मिस्त्री तुमचा. फक्त सांधे टाइल कंपनीच्या माणसाकडून करून घेऊ.

मिस्त्रीने मान डोलावली. ही राडारोडा उचलायला येईल, असंही सांगून टाकलं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मागितली नव्हती ती माफी तिला मिळाली होती, आणि ती घेऊन तिला आता घरी जायचं होतं. बसमध्ये ती नवऱ्याच्या शेजारी बसली नाही. जागा असून उभी राहिली.

घरी आल्यावर मिस्त्री पाय धुवायला मोरीत गेला. ती दारात उभी राहिली.

"सांधे गेले?" तिने विचारलं.

तो म्हणाला, तडे तिला दिसले नाहीत का. ती म्हणाली, तडे फुगवट्याभोवती आहेत, फुगवट्यात नाहीत. टाइल पुढे सरकली म्हणून सांधा चिरला. आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे तुम्हाला कळत नाही असं मला म्हणायचं नाही. तुम्हाला चांगलं कळतं.

मिस्त्रीने नळ बंद केला. बराच वेळ टॉवेल शोधला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

"हे बघ," तो म्हणाला, "टाइल म्हटलं की माझं नाव जातं. उद्यापासून कोण बोलावेल मला? सांधे म्हटलं तर विषय तिथेच मिटतो. तुला काय फरक पडतो? तुला वेगळं कोण कामाला बोलावतं?"

तो हे भांडून बोलला नाही. हिशेबाची गोष्ट समजावल्यासारखं बोलला. घर चालतंय ते कुणाच्या नावावर, असंही पुढे म्हणाला, आणि भाजीत आज मीठ कमी घाल, असंही.

वहिनी भाजी चिरायला बसली. पण त्या बोलण्याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. सत्तावीस वर्षं शेजारी गुडघ्यांवर बसून काम केलेल्या माणसाला ती काय आहे हे सांगावं लागेल, याची तिने तयारीच केली नव्हती. त्या रात्री तिने भाजीत नेहमीइतकंच मीठ घातलं.

टँक रिकामा करायला दीड दिवस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं आत उतरली. मिस्त्री उथळ बाजूने तोडत आला. वहिनीला खोल बाजू दिली, कारण तिथल्या टाइल्स आपोआप निघणार होत्या. तिच्याकडे छिन्नी, हातोडी आणि घमेलं होतं. तिने आधी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली. पायरीपाशी आवाज भरीव होता. फुगवट्यापासून पुढे सगळी भिंत रिकाम्या डब्यासारखी वाजत होती.

तिने वरच्या कडेला छिन्नी घातली आणि हलकेच उचकटली. एक टाइल निघेल असं तिला वाटलं होतं. निघाला एक अख्खा पत्रा. तिने कसाबसा गुडघ्यावर तोलला आणि खाली टेकवला. वीतभर रुंदीच्या अकरा टाइल्स, एकमेकींना घट्ट धरून. मधले सांधे जसेच्या तसे. नळीच्या तुकड्याने ओढलेली खोलगट रेघही तशीच.

तिने तुकडा उलटा केला. प्रत्येक टाइलच्या मागे टाइल चिकटवायच्या मालाचे पाच गोळे होते. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी टाइल कोरी. गोळ्यांमधल्या जागेत हिरवट शेवाळ आणि चिखल.

तिला तो आठवडा आठवला. टँकची ती भिंत वाकडी निघाली होती. आधी प्लास्टर करून ती सरळ करायची आणि ते वाळू द्यायचं, तर आठवडा गेला असता. मिस्त्रीने दुसरीकडे एका बाथरूमचं कामही घेतलं होतं. मग त्याने दातेरी थापीने पूर्ण माल पसरायचं सोडून गोळे लावले. गोळ्यांवर टाइल पुढेमागे दाबून सरळ रेषेत आणता येते. घरातल्या भिंतीवर एखादा करेल. चोवीस तास पाण्यात राहणाऱ्या भिंतीवर कुणी करत नाही. माल तीच कालवून देत होती. मागे पोकळ राहतंय, असं तिने म्हटलं होतं.

"तू सांध्यांचं बघ," मिस्त्री म्हणाला होता.

आणि तिने सांध्यांचं बघितलं. पोकळ आवाज ऐकू येत असल्यामुळे तिने त्या भिंतीवर माल दुप्पट जोर लावून दाबला होता. एरवी त्या टाइल्स पहिल्या वर्षीच सुटल्या असत्या. चार वर्षं टिकल्या.

तिने छिन्नी एका सांध्यावर ठेवली आणि हातोडी मारली. सांधा तुटतो का ते तिला पाहायचं होतं. टाइल फुटली. दुसऱ्या सांध्यावर मारली. तिथेही टाइलच फुटली. मग ती थांबली. उरलेल्या नऊ टाइलांचा तुकडा तिने भिंतीला टेकवून ठेवला, पाठ बाहेर करून. मिस्त्री चहाला वर गेला होता. ती टँकच्या शिडीवर चढली आणि मागच्या दारातून डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर नाश्ता अर्धवट टाकून आले. मागून काठी टेकत ताई आल्या. वहिनीने त्यांना काठावर उभं केलं आणि तुकडा दोन्ही हातांनी उचलून वर धरला. तो जड होता.

"डॉक्टर, हे सांधे. तोडून दाखवा," ती म्हणाली. "आणि ही मागची बाजू."

डॉक्टर वाकले. पाच गोळे आणि मधली पोकळी त्यांना समजायला वेळ लागला नाही. दातात खाली पोकळी ठेवून वर कॅप बसवली की काय होतं हे त्यांना रोज दिसत होतं.

"म्हणजे तुझ्या त्या शेजारणीच्या दाढेसारखं," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एवढ्यात मिस्त्री चहाचा कप घेऊन आला. तुकड्याची पाठ त्याला लांबूनच दिसली. तो चालायचा थांबला. कप त्याने कठड्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

डॉक्टर त्याला नको नको ते बोलले. मिस्त्रीने तोंडात मिठाची गुळणी धरली. भिंत वाकडी होती एवढंच एकदा पुटपुटला. वहिनीला वाटलं, आता बोलेल. एक वाक्य तर बोलायचं होतं. तो बोलला नाही. आणि डॉक्टर तिच्याकडे वळले.

"पण बाई, तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं तर तुम्ही बोलला का नाहीत?"

वहिनीच्या हातात अजून तो तुकडा होता. तिने तो खाली ठेवला.

"बोलले होते. यांना. तुम्हाला कशी बोलणार? चार वर्षांपूर्वी इथे तेवीस दिवस काम केलं. तुम्ही माझ्याशी एकदा बोललात. बाई, तो पाइप जरा बाजूला घ्या, म्हणालात."

ताई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांना पाइप आठवत नसावा.

बरं, आता काय करायचं, असं त्यांनी विचारलं, आणि ते प्रथमच तिला विचारलं. मिस्त्रीला वाटलं त्याला विचारलं. तो सांगू लागला की भिंत आधी प्लास्टरने सरळ करू. वहिनीने त्याला पुरं बोलू दिलं नाही. भिंत सरळ करायची, वाळू द्यायची, पाणी न झिरपणारा थर लावायचा, हे सगळं होईलच. पण टाइल लावली की प्रत्येक ओळीतली एक टाइल मी सांगेन ती ओल्यातच काढायची. मागे माल पूर्ण नसेल तर ओळच काढायची. आणि सांधे मी भरणार. कंपनीचा माणूस नको.

"माझी परीक्षा घेणार तू?" मिस्त्री म्हणाला.

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सांधे गेले हे तुम्ही कुणासमोर म्हणालात?"

ताई काठीवर रेलून म्हणाल्या की त्यांना पाण्यात कधी उतरता येईल तेवढं सांगा, बाकी घरगुती भांडण त्यांना दुपारच्या मालिकांमध्ये पुरेसं मिळतं. वहिनी म्हणाली, सव्वा महिना. मिस्त्री तीन आठवडे म्हणायच्या बेतात होता. त्याने तोंड मिटलं.

घरी येताना बसमध्ये तो तिच्या शेजारी येऊन बसला. घरचं घरात ठेवायचं होतंस, असं म्हणाला. तिने खिडकीबाहेर बघितलं. सांध्यांची गोष्ट घराबाहेर कुणी नेली हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो हे म्हणत होता. माणूस असं म्हणू शकतो याचंच तिला नवल वाटत राहिलं.

प्लास्टर झालं. वाळलं. पाणी अडवणारा राखाडी थर दोनदा लागला. मग टाइल्स. मिस्त्री दातेरी थापीने माल पसरायचा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, दाबायचा, बाजूने किंचित सरकवायचा. मध्ये सांध्याची फट राखायला प्लास्टिकची फुली. ओळ पुरी झाली की हात बाजूला घेऊन बसायचा. वहिनी ओळीवरून नजर फिरवायची.

"ती. डावीकडून सहावी."

तो टाइल काढायचा आणि उलटी करून तिच्यापुढे धरायचा. पहिल्या दिवशी दुसऱ्याच ओळीत एका टाइलचा कोपरा कोरा निघाला. सुपारीएवढा. मिस्त्रीने वर पाहिलं. डॉक्टर काठावर पेपर वाचत बसले होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. त्याने न बोलता सगळी ओळ काढली, माल खरवडला, पुन्हा लावली. त्याचे गुडघे वाजत होते. वहिनीला ते ऐकू येत होतं. तिला वाईट वाटलं. वाईट वाटतंय याचा तिला आणखी राग आला.

चौथ्या दिवसानंतर एकही कोपरा कोरा निघाला नाही. मिस्त्री चांगलाच कारागीर होता. तिने त्याच्याशी लग्न केलं तेव्हाही तो चांगला कारागीर होता. पूर्ण माल लावायला त्याला येत नव्हतं असं नव्हतंच कधी.

तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. त्या सगळ्या दिवसांत तो खूप काही बोलला. माल चांगला आहे म्हणाला, भिंत आता आरशासारखी झाली म्हणाला. शेजारच्या बंगल्यातला एक माणूस गच्चीचं काम विचारायला आला तेव्हा, आम्ही दोघं मिळून करतो, असंही म्हणाला. पूर्वी कधी म्हणाला नव्हता. पण सांधे चांगले होते हे तो म्हणाला नाही. ते तिनेच दाखवलं होतं आणि तो नुसता गप्प राहिला होता. डॉक्टर, ताई, शेजारचा माणूस, सगळ्यांना वाटत होतं की प्रकरण मिटलं. मिटलं कसं? बोलला तो, खोडून काढलं तिने. ज्याने डाग लावला त्याचा हात कोरडाच.

सांधे भरायला पाच दिवस लागले. हा माल दोन डब्यांचा असतो. दोन्ही एकत्र कालवले की पाऊण तासात वापरावा लागतो, नाहीतर बादलीतच दगड होतो. पाचव्या दिवशी दुपारी पायरीपाशी शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. बादलीत ताजा माल होता. डॉक्टर दवाखान्यातून जेवायला आले होते. ताई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि टँक भरायला किती वेळ लागतो हे दिवसातून तिसऱ्यांदा विचारत होत्या. मिस्त्री काठावर हत्यारं धूत होता.

वहिनीने रबरी थापी खाली ठेवली. हातमोजे काढले. पायरीवर बसली.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"सांगा यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

त्याला कळलं होतं. त्याने बादलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. माल फुकट जाईल, असं तो म्हणाला. ती म्हणाली, जाईल. आता लहान मुलांसारखं करू नकोस, असंही म्हणाला. तिने गुडघ्यावरचा सुकलेला माल नखाने काढायला सुरुवात केली. डॉक्टर मध्ये बोलायला निघाले होते. ताईंनी काठी आडवी केली.

अशी दहा मिनिटं गेली, वीस गेली, पाऊण तास होत आला. मिस्त्रीने धुतलेली थापी पुन्हा धुतली. एकदा तो तडक फाटकापर्यंत गेला आणि परत आला. डॉक्टरांचं जेवण आत निवत होतं, पण ते हलले नाहीत. बादलीतला माल आधी चिवट झाला, मग त्यावरची चकाकी गेली. वहिनीने कालवायची काडी ओढून पाहिली. बादलीच वर उचलली गेली.

मिस्त्री त्या लटकणाऱ्या बादलीकडे बघत राहिला. तीस वर्षांच्या कामात त्याने बादलीभर माल असा मरू दिला नव्हता. मग तो उठला. दुसरी बादली घेतली, दोन्ही डबे फोडले, काडीने कालवू लागला. कालवता कालवता, बादलीतच बघत, म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सांधे हिचे पक्के होते. माल मी कमी लावला. खोटं बोललो मी."

"मला ऐकू नाही आलं," ताई म्हणाल्या. त्यांना चांगलं ऐकू येत असे.

त्याने मान वर केली आणि तेच पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. त्याचे कान लाल झाले होते. मग तो शिडीने खाली उतरला आणि बादली वहिनीसमोर ठेवली.

वहिनीने हातमोजे चढवले. थापीच्या टोकावर थोडा माल घेतला आणि थापी उभी धरली. माल ओघळला.

"पातळ झालाय," ती म्हणाली. "पुन्हा कालवा."